सौर प्रकल्पाच्या अर्थिंगवर संशोधन: सुरुवात खुंट्या आणि टेपने करा

सौरऊर्जेवर प्रबंध करायचा म्हटलं की विद्यार्थ्यांची रांग इन्व्हर्टरच्या (पॅनेलच्या डीसीचा एसी करणाऱ्या यंत्राच्या) नियंत्रणापाशी आणि एमपीपीटीपाशी (पॅनेलमधून जास्तीत जास्त शक्ती काढायच्या तंत्रापाशी) लागते. अर्थिंगपाशी, म्हणजे यंत्रं आणि लोखंडी सांगाडे तारेने जमिनीला जोडायच्या विषयापाशी, शुकशुकाट. तिथे कोणी पोचलाच तर बहुधा बाकीचे विषय वाटून संपलेले असतात म्हणून. मला विचाराल तर ही नाइलाजाने धरलेली वाटच जास्त चांगली निघते. गर्दी नाही, साधनं साधी, आणि लागणारी माहिती कोणाच्या मिनतवाऱ्या न करता स्वतः जमिनीवर जाऊन गोळा करता येते. फक्त उन्हात उभं राहायची आणि हात मातीत घालायची तयारी हवी.

पुढचं सगळं जमिनीवर उभारलेल्या मोठ्या सौर प्रकल्पांबद्दल आहे. छतावरच्या संचाचे प्रश्न निराळे, ते इथे आले तर ओझरते. ओमचा नियम, थ्री फेज आणि थोडं पायथन तुम्हाला येतं असं धरून चालतो.

पहिली पायरी: ‘किती ओम आलं?’ हा प्रश्न बाजूला ठेवा

अर्थिंगचं नाव काढलं की पहिला प्रश्न हाच येतो. एक ओमच्या आत आलं की सगळे खूश. पण हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. समजा एका जागी अर्थिंगचा रोध १ ओम आहे आणि फॉल्टच्या वेळी (करंट बिघाडाने भलत्या वाटेला लागतो तेव्हा) त्यातून जमिनीत ५,००० अँपिअर उतरतात. तिथला सगळा जोडलेला लोखंडी सांगाडा लांबच्या जमिनीच्या तुलनेत ५,००० व्होल्टवर जातो. दुसऱ्या जागी रोध १० ओम, पण जमिनीत उतरणारा करंट अवघा २० अँपिअर. तिथे हेच व्होल्टेज २०० भरतं. कागदावर दसपट वाईट दिसणारं अर्थिंग इथे निर्धोक ठरण्याची शक्यता जास्त.

आणि ते ५,००० व्होल्टसुद्धा पूर्ण गोष्ट सांगत नाहीत. सांगाडा चढला त्याबरोबर माणसाच्या पायाखालची जमीनही जवळपास तेवढीच चढली, तर त्याच्या अंगातून फारसा करंट जात नाही. जीव जातो तो फरकाने. हात लोखंडाला आणि पाय मीटरभर लांब जमिनीवर, या दोहोंतला फरक म्हणजे टच व्होल्टेज. एक पाऊल इथे आणि दुसरं मीटरभर पुढे, यातला फरक म्हणजे स्टेप व्होल्टेज. तिसरा प्रकार कपटी आहे: कुंपण, पाण्याची पाइप किंवा केबलचं आवरण प्रकल्पातलं व्होल्टेज उचलून लांब नेतं, आणि तिथे उभ्या असलेल्या माणसाला याचा पत्ताही नसतो.

हे सगळं सबस्टेशनसाठी अनेक दशकं अभ्यासलं गेलंय. मग सौर प्रकल्पात नवीन काय? एक म्हणजे पसारा. सबस्टेशन हेक्टर-दोन हेक्टरांत बसतं. सौर प्रकल्पाला एका मेगावॉटलाच ढोबळमानाने दीड-दोन हेक्टर लागतात. दुसरं, सबस्टेशनमध्ये पायाखाली खडी पसरलेली असते, सौर प्रकल्पात गवत आणि उघडी माती. तिसरं, पॅनेलचे सांगाडे ज्या लोखंडी पाइलवर उभे असतात त्या हजारोंनी जमिनीत ठोकलेल्या असतात, म्हणजे न मागता मिळालेले इलेक्ट्रोडच (करंट मातीत उतरवणारे धातूचे तुकडे). चौथं, इन्व्हर्टर फॉल्टमध्ये आपल्या रेटेड करंटच्या थोडाच वर जातो, सहसा दीडपटीच्या आत. जनरेटरसारखा कित्येक पट करंट ओतत नाही. मोठा करंट येतो तो ग्रिडच्या बाजूने, मुख्य ट्रान्सफॉर्मरकडून. त्यामुळे एकाच कुंपणाच्या आत एका कोपऱ्यात कडक सबस्टेशन आणि बाकी शेकडो एकरांत सौम्य धोका, असं विचित्र मिश्रण तयार होतं. संशोधनाचे निम्मे प्रश्न या विचित्रपणातूनच निघतात.

विषय ठरवताना एक घोळ टाळा. ‘सोलर अर्थिंग’ या एका शब्दाखाली तीन वेगळे विषय दडलेले आहेत: एसी फॉल्टच्या वेळी माणसांची सुरक्षितता, डीसी बाजूचा अर्थ फॉल्ट ओळखणं, आणि वीज कोसळल्यावर काय होतं ते. तिन्हींची गणितं, वारंवारता आणि साधनं वेगळी. पहिल्याच प्रबंधात तिन्ही घेणाऱ्याच्या हाती तीन प्रस्तावना आणि शून्य निष्कर्ष लागतात. मी पुढे पहिल्यावर भर देतो, कारण बाकी दोघांचा पायाही तिथेच आहे.

दुसरी पायरी: वाचन, पण मोजकं

तीन दस्तऐवज हाताशी ठेवा. आयईईई (विद्युत अभियंत्यांची संस्था) हिचं आयईईई ८० हे सबस्टेशनच्या अर्थिंगचं मार्गदर्शक मानक, १९६१ साली पहिल्यांदा आलं. २०१३ ची आवृत्ती वापरा. आयईईई ८१ मोजणीबद्दल आहे, २०१२ चं. आणि खास सौर प्रकल्पांसाठीचं आयईईई २७७८, जे २०२० मध्ये आलं. शिवाय आयईसी (आंतरराष्ट्रीय विद्युत मानक संस्था) हिच्या मानकांपैकी आयईसी ६०३६४ चा ७-७१२ हा भाग सौर संचांसाठी आणि आयईसी ६२३०५ ही मालिका आकाशातल्या विजेपासून संरक्षणासाठी. तुम्ही ज्या देशात काम करता तिथलं मानक वेगळं वाचावं लागेल, पण ते शेवटी. आधी आयईईई ८० मधली सोडवलेली उदाहरणं कॅल्क्युलेटर घेऊन स्वतः करा. नुसतं वाचून अर्थिंग कळल्याचा भास होतो, आणि तो पहिल्या गणितापर्यंतच टिकतो.

शोधनिबंधांचा ढीग जमवायची घाई नको. मोजणी सुरू झाली की कोणता निबंध कामाचा ते आपोआप कळतं.

तिसरी पायरी: माती मोजा

इथे वेळ घालवा. प्रकल्पाची बाकी सगळी आकडेमोड या एका पायरीवर उभी असते, आणि नेमकी हीच पायरी लोक ‘मातीची रोधकता १०० ओम-मीटर धरली’ या एका वाक्यात उरकतात.

आधी शब्द स्पष्ट करू. रोध हा एखाद्या वस्तूचा, ओममध्ये. रोधकता हा त्या पदार्थाचा गुण, ओम-मीटरमध्ये. आयईईई ८० च्या ढोबळ तक्त्यात सेंद्रिय ओली माती १०, दमट माती १००, कोरडी माती १,००० आणि खडक १०,००० ओम-मीटर धरलाय. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हजारपट फरक! अंदाजाने भागत नाही ते यामुळेच.

मोजायची सर्वांत प्रचलित पद्धत वेनरची. अमेरिकेच्या ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्समधल्या फ्रँक वेनर यांनी ती १९१५ च्या सुमारास मांडली आणि आजही तशीच्या तशी चालते. चार खुंट्या एका सरळ रेषेत, सारख्या अंतरावर ठोकायच्या. बाहेरच्या दोघींतून टेस्टर करंट सोडतो, आतल्या दोघींमधलं व्होल्टेज मोजतो, आणि दोहोंचा भागाकार करून ओममध्ये रोध दाखवतो. रोधकता काढायची ती अशी:

रोधकता = २ × π (पाय) × खुंट्यांमधलं अंतर × टेस्टरवरचा रोध

अंतर वाढवलं की करंट जास्त खोल उतरतो, म्हणून प्रत्येक अंतराचं वाचन जमिनीच्या वेगळ्या खोलीची कथा सांगतं. अर्धा मीटर, १, २, ४, ८, १६, ३२, ६४ असं दुप्पट करत जा. प्रकल्प जेवढा पसरलेला तेवढी मोठी अंतरं लागतात. आठ मीटरला थांबून शंभर हेक्टरांबद्दल बोलणं म्हणजे विहिरीच्या काठावर उभं राहून तळाचं पाणी चाखल्याचा दावा करणं.

एक उदाहरण. २ मीटरला टेस्टरने ८ ओम दाखवले: रोधकता सुमारे १०० ओम-मीटर. १६ मीटरला ३ ओम: सुमारे ३०० ओम-मीटर. टेस्टरवरचा आकडा उतरला, पण रोधकता तिप्पट झाली. खाली खडक आहे. नवखा माणूस मैदानात फक्त ओम लिहून आणतो, आकडे उतरताहेत म्हणून खूश होतो, आणि घरी आल्यावर डोक्याला हात लावतो. रोधकता जागेवरच काढा आणि आलेखावर तिथेच बिंदू मांडा. एखादा बिंदू भलतीकडे गेला तर खुंट्या अजून जमिनीतच असतात, पुन्हा मोजता येतं.

आता पुस्तकात न सापडणारे किंवा सापडूनही नजरेतून निसटणारे तपशील.

वरचं सूत्र खुंटी अंतराच्या मानाने उथळ असेल तरच खरं. अंतराच्या विसाव्या भागाहून खोल नको. अर्ध्या मीटरला हा नियम पाळायचा तर खुंटी अडीच सेंटीमीटरच रोवता येते, आणि तेवढ्यावर ती उभीही राहत नाही. तेव्हा छोट्या अंतरांना खुंटीची खोली धरणारं पूर्ण सूत्र वापरा. ते आयईईई ८१ मध्ये आहे.

माती कोरडी असेल तर खुंटीच्या बुडाशी तांब्याभर पाणी ओता. त्याने संपर्क सुधारतो, मोजली जाणारी रोधकता बिघडत नाही. पण चारही खुंट्यांमधली जमीन भिजवून ठेवू नका. मग तुम्ही जमीन मोजत नाही, स्वतःच ओतलेलं पाणी मोजता.

प्रत्येक जागी दोन रेषा घ्या, एकमेकींना काटकोनात. जमिनीखाली पाइप किंवा जुनी केबल असेल तर तिला समांतर रेषेत वाचन विचित्रपणे खाली येतं. मी एकदा मोठ्या अंतराचे तीन बिंदू खाली घसरलेले पाहून खोलवर ओलसर थर सापडला म्हणून हरखलो होतो. काटकोनातली रेषा घेतली तर तो थर गायब. गाडलेली पाइप होती.

याच कारणाने सौर प्रकल्पात वेळ फार महत्त्वाची: पाइल ठोकण्याआधी मोजा. हजारो लोखंडी पाइल जमिनीत गेल्यावर त्यांच्यामध्ये घेतलेलं वेनरचं वाचन मातीचं उरत नाही. प्रकल्प आधीच उभा असेल तर कुंपणाबाहेर, लोखंडापासून पुरेशा लांब, तशाच मातीची जागा शोधा आणि तसं अहवालात स्पष्ट लिहा.

मोठ्या अंतरांना टेस्टरची परीक्षा असते. ५० ओम-मीटरच्या जमिनीत ६४ मीटरला रोध फक्त ०.१२ ओमच्या आसपास येतो. टेस्टरचं शेवटचं अंक-स्थान ०.०१ ओम असेल तर एका अंकाच्या चुकीने आठ टक्के फरक पडतो. करंटची आणि व्होल्टेजची तार लांबच्या लांब शेजारी-शेजारी टाकली तर एकीचं चुंबकीय क्षेत्र दुसरीत घुसतं; त्या अंतर ठेवून टाका. चांगले टेस्टर डीसी वापरत नाहीत, कारण खुंटीपाशी ध्रुवीकरण होतं, आणि ५० किंवा ६० हर्ट्झही टाळतात, कारण जमिनीत त्या वारंवारतेचा भटका करंट आधीच फिरत असतो. म्हणून १२८ हर्ट्झसारखी अधलीमधली वारंवारता निवडलेली असते.

आणि ऋतू. मातीतला ओलावा वजनाच्या साधारण २२ टक्क्यांखाली गेला की रोधकता झपाट्याने वाढते. त्यावर ओलावा वाढून फारसा फरक पडत नाही. पाणी गोठलं तर आणखीच वाढते. पावसानंतर आठ दिवसांनी मोजलेली जमीन आणि चार महिने तापलेली जमीन कागदावर एकच, प्रत्यक्षात दोन. शक्य असेल तर त्याच खुणांवर वर्षातून तीन-चारदा मोजा. एवढ्यानेही एक नीटसा शोधनिबंध उभा राहतो.

सुरक्षिततेचं आत्ताच सांगतो. आभाळात गडगडाट सुरू झाला की खुंट्या तशाच सोडून निघा. लांब पसरलेली तार हातात धरून वीज चमकताना उभं राहण्यासारखा वेडेपणा नाही. चालू प्रकल्पाच्या अर्थिंगला जोडलेली तार आणि लांबची खुंटी यांच्यात फॉल्टच्या क्षणी हजारो व्होल्ट येऊ शकतात, तेव्हा दोन्हींना एकाच वेळी हात लावायचा नाही, आणि हातमोजे विद्युतरोधक हवेत. एकट्याने जाऊ नका.

चौथी पायरी: आकड्यांतून थर काढा

आलेख हाती आला. आता जमिनीला दोन थर आहेत असं मानून तीन संख्या शोधायच्या: वरच्या थराची रोधकता, खालच्याची, आणि वरच्याची जाडी. वेनरच्या वाचनांसाठी याचं सूत्र अनंत मालिकेच्या रूपात मिळतं. तिचा गाभा परावर्तन गुणांक: खालची वजा वरची, भागिले खालची अधिक वरची. गुणांक धन म्हणजे खाली खडक, ऋण म्हणजे खाली ओलावा किंवा चिकणमाती.

विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरकडे धावू नका. ही मालिका पायथनमध्ये वीस-पंचवीस ओळींत बसते, आणि सायपाय या पायथन लायब्ररीचं लीस्ट स्क्वेअर्स तीनही संख्या शोधून देतं. फरक मोजताना रोधकतेचा लॉगरिदम घ्या, नाहीतर मोठे आकडे छोट्यांना गिळून टाकतात. प्रोग्रॅम बरोबर आहे की नाही हे पाहायच्या दोन सोप्या कसोट्या: दोन्ही थर सारखे केले तर सगळीकडे एकच रोधकता यायला हवी, आणि अंतर खूप मोठं केलं तर उत्तर खालच्या थराकडे सरकायला हवं.

सापळा इथे असा की एकाच आलेखाला एकाहून जास्त उत्तरं बसतात. विशेषतः दोहोंच्या मध्ये तिसरा पातळ थर असेल तर त्याची जाडी आणि रोधकता दोन्ही बदलून जवळजवळ तीच रेषा मिळते. म्हणून एक उत्तर छापून मोकळं होऊ नका. तेवढीच चांगली बसणारी दोन-तीन उत्तरं घ्या आणि पुढचं सगळं गणित प्रत्येकासाठी करा. शेवटचं टच व्होल्टेज फारसं बदललं नाही तर निश्चिंत. बदललं तर तुमचा संशोधनाचा प्रश्न सापडला.

पाचवी पायरी: इलेक्ट्रोडची गणितं आधी हाताने

१०० ओम-मीटरच्या मातीत १६ मिलिमीटर व्यासाचा ३ मीटर रॉड ठोका. नेहमीच्या सूत्राने रोध येतो सुमारे ३३.५ ओम. व्यास दुप्पट केला तर २९.८. लांबी दुप्पट केली तर १८.६. जाड रॉडने काय साधतं आणि लांब रॉडने काय, ते या तीन आकड्यांत दिसतं. एकदा स्वतः काढून पाहिलं की जन्मभर लक्षात राहतं.

मग जाळी, म्हणजे जमिनीत आडव्या-उभ्या पुरलेल्या तारांची. जाळीच्या रोधाचा ढोबळ अंदाज क्षेत्रफळाच्या वर्गमुळावर ठरतो. त्याच मातीत एका हेक्टरला साधारण ०.४४ ओम, आणि शंभर हेक्टरांना ०.०४४. (गाडलेल्या तारेच्या लांबीमुळे यात थोडी भर पडते, ती सध्या सोडून द्या.) हा दुसरा आकडा पाहून खूश होण्याआधी थांबा. या सूत्रात एक गोष्ट गुपचूप धरलेली आहे: सगळी जाळी एकाच व्होल्टेजला आहे. हेक्टरभर जागेत ते चालून जातं. पण जमिनीतून परतणाऱ्या करंटसाठी एका तारेची ५० हर्ट्झला रिअॅक्टन्स किलोमीटरला पाऊण ओमच्या घरात असते. मातीचा हिशेब ०.०४ ओम सांगतो आणि तार किलोमीटरला ०.७! म्हणजे फॉल्ट मुख्य ट्रान्सफॉर्मरपाशी झाला तर करंट लांबच्या कोपऱ्यापर्यंत पोचतच नाही. जवळच्या भागातच जमिनीत उतरतो. मोठ्या प्रकल्पात अमुक क्षेत्रफळापुढचं तांबं फक्त हिशेबाच्या वहीत काम करतं. ती सीमा कुठे पडते, मातीनुसार ती कशी सरकते, हा शोधण्याजोगा प्रश्न आहे.

पाइलचंही तसंच. हजार पाइल म्हणून एका पाइलच्या रोधाला हजाराने भागू नका. जवळजवळच्या इलेक्ट्रोडना एकमेकांची अडचण होते, प्रत्येकाला पसरायला मिळणारी माती कमी पडते. शिवाय पाइल आणि तांब्याची तार एकमेकींना जोडून मातीत असल्या की पाइलवरचा जस्ताचा थर झिजू लागतो, कारण ओल्या मातीत ती दोघं मिळून एक बॅटरीच बनवतात. हजारोंच्या संख्येने उभ्या असलेल्या पाइलचं आयुष्य यात गुंतलेलं असतं, म्हणून बऱ्याच ठिकाणी उघड्या तांब्याऐवजी जस्तलेपित पोलादी तार किंवा पट्टी निवडतात. रोध आणि गंज, दोन्ही एकत्र पाहणारं काम अजूनही कमी दिसतं. विद्युतवाले गंज रसायनवाल्यांवर सोडतात.

सहावी पायरी: माणूस किती सहन करतो

इथे चार्ल्स डालझील यांचं नाव येतं. कॅलिफोर्निया विद्यापीठात बर्कलीला त्यांनी शरीरातून जाणाऱ्या करंटचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. आयईईई ८० मध्ये त्यावरून घेतलेला नियम असा: ५० किलो वजनाच्या माणसासाठी सुसह्य करंट म्हणजे ०.११६ अँपिअर भागिले फॉल्टच्या सेकंदांचं वर्गमूळ. शरीराचा रोध १,००० ओम धरतात, आणि दोन्ही पावलांखालच्या मातीचा रोध त्यात मिळवतात.

१०० ओम-मीटरच्या उघड्या मातीवर, फॉल्ट अर्ध्या सेकंदात तुटत असेल तर सुसह्य टच व्होल्टेज येतं सुमारे १८९ व्होल्ट. त्याच मातीवर ३,००० ओम-मीटरची खडी १० सेंटीमीटर पसरली तर ६८० च्या आसपास. सबस्टेशनवाले खडीवर एवढे का अडून बसतात ते यातून कळेल. सौर प्रकल्पात शेकडो एकरांवर खडी टाकणं शक्य नाही. मग उरतं काय? वेळ. खडी न टाकता फॉल्ट ०.२ सेकंदांत तोडला तर मर्यादा १८९ वरून २९८ वर जाते. संरक्षण रिलेची (फॉल्ट ओळखून ब्रेकर तोडायला लावणाऱ्या उपकरणाची) सेटिंग बदलून जे साधतं त्यासाठी लोक किलोमीटरच्या किलोमीटर तार पुरतात. माझ्या मते नवख्याने रिलेची वेळ आणि जाळीची रचना हे दोन प्रश्न कधीच वेगळे करू नयेत.

फॉल्टचा करंट ठरवताना आणखी एक गोष्ट: सगळा करंट जमिनीतून जात नाही. केबलच्या आवरणातून आणि ओव्हरहेड लाइनच्या अर्थ वायरमधून त्याचा मोठा हिस्सा परततो. जमिनीत उतरणारा वाटाच तुमच्या गणिताचा. तो न काढता पूर्ण फॉल्ट करंट घातला तर उत्तर सुरक्षित बाजूला चुकतं, पण इतकं की रचना भलतीच महाग होते.

सातवी पायरी: प्रत्यक्ष प्रकल्पात पडताळा

रोध मोजायची नेहमीची पद्धत फॉल ऑफ पोटेन्शियल. एक खुंटी लांब, करंटसाठी; दुसरी मध्ये, व्होल्टेजसाठी; आणि ही मधली लांबच्या खुंटीपर्यंतच्या अंतराच्या ६१.८ टक्क्यांवर ठेवायची. हा आकडा कुठून आला असं कोणाला विचारलं तर बहुतेक जण खांदे उडवतात. सारख्या मातीत अर्धगोल इलेक्ट्रोड धरून समीकरण मांडलं की एक वर्गसमीकरण येतं: गुणोत्तराचा वर्ग अधिक गुणोत्तर बरोबर एक. त्याचं उत्तर ०.६१८, म्हणजे चक्क सुवर्ण गुणोत्तर! पण गृहीतकंही सोबत येतात: सारखी माती, आणि लांबची खुंटी इलेक्ट्रोडच्या आकारापेक्षा कितीतरी लांब. प्रकल्पच किलोमीटरभर असेल तर खुंटी कित्येक किलोमीटरवर न्यावी लागते. तिथे ६१.८ चा नियम डोळे झाकून वापरलेला दिसला की त्या अहवालाचे पुढचे आकडे मी वाचत नाही.

क्लॅम्प टेस्टरबद्दलही (तारेभोवती चिमट्यासारखा अडकवून मोजणारा) सावध. तो बंद वळशातून करंट फिरवून मोजतो. एकमेकांना जोडलेल्या पाइलच्या जंगलात तो जो छोटासा आकडा दाखवतो तो बहुधा तारांच्या वळशाचा असतो, मातीचा नव्हे.

मग करायचं काय? थेट टच व्होल्टेज मोजा. मुख्य वारंवारतेपासून थोड्या वेगळ्या वारंवारतेचा काही अँपिअर करंट लांबच्या इलेक्ट्रोडमधून सोडा, आणि सांगाड्यापासून मीटरभर लांब जमिनीवर ठेवलेल्या पत्र्याशी सांगाड्याचं व्होल्टेज मोजा. युरोपीय ईएन ५०५२२ मानकात पावलांऐवजी एकूण ४०० चौरस सेंटीमीटरचे पत्रे, त्यांवर किमान ५०० न्यूटन भार, आणि शरीराऐवजी मीटरला समांतर १ किलो-ओम रोध सांगितलाय. तो रोध न लावता मोजलं तर नुसत्या मीटरला जास्त व्होल्टेज दिसतं. ५ अँपिअरला ०.२ व्होल्ट मिळाले आणि खऱ्या फॉल्टमध्ये जमिनीत २,००० अँपिअर उतरणार असतील तर ते ८० व्होल्ट होतात.

मोजायच्या जागा निवडताना कुंपणापासून सुरुवात करा. बाहेरचा माणूस, ज्याने प्रकल्पाचं कोणतंही प्रशिक्षण घेतलेलं नाही, तो तिथेच टेकून उभा राहतो. त्यानंतर इन्व्हर्टर स्टेशन, मग रांगांची टोकं. आणि सांगाड्यांचे जोड तपासायला विसरू नका: पॅनेलच्या अॅल्युमिनियम फ्रेमवरचा अॅनोडाइज्ड थर करंट जाऊ देत नाही. तो फोडून आत जाणारा दातेरी वॉशर नसेल तर नट कितीही आवळा, फ्रेम अर्थ झालेली नसते.

डीसी आणि आकाशातली वीज, थोडक्यात

डीसी बाजूला वळायचं असेल तर २००९ साली कॅलिफोर्नियात बेकर्सफील्ड इथे छतावरच्या सौर संचाला लागलेल्या आगीपासून वाचायला लागा. तिथे दोन फॉल्टांची साखळी झाली. अर्थला जोडलेल्या तारेवरचा पहिला फॉल्ट इतका कमी करंट देतो की फ्यूजला तो दिसत नाही. मग दुसऱ्या तारेवर दुसरा फॉल्ट होतो, फ्यूज उडतो, पण करंटला फ्रेममधून दुसरी वाट आधीच मिळालेली असते. या आंधळ्या जागेवर नंतर बरंच काम झालं. आजच्या ट्रान्सफॉर्मरविरहित इन्व्हर्टरमध्ये उरलेला करंट (जाणाऱ्या आणि परतणाऱ्या करंटमधला फरक) मोजणारी यंत्रणा असते. इन्व्हर्टरच्या सुरक्षिततेच्या आयईसी ६२१०९-२ या मानकानुसार ३० मिलिअँपिअरची अचानक वाढ झाली तर ०.३ सेकंदांत आणि १५० मिलिअँपिअरला ०.०४ सेकंदांत तुटायला हवं. अडचण अशी की पॅनेल आणि फ्रेम मिळून मोठा कपॅसिटर बनतो, पावसात तो वाढतो, आणि त्याचा निरुपद्रवी करंट खऱ्या फॉल्टसारखा दिसतो. दोघांना वेगळं ओळखणं हा चालू प्रश्न आहे. एक लक्षात ठेवा: उन्हात पॅनेल बंद करता येत नाही. १,५०० व्होल्टची स्ट्रिंग (एकापाठोपाठ जोडलेल्या पॅनेलची माळ) उघडून प्रयोग करायची जागा विद्यार्थ्याची नव्हे. लहान व्होल्टेजचा नमुना संच बनवा.

विजेच्या बाबतीत रोधाचा आकडा जवळजवळ विसरा. १०/३५० किंवा ८/२० मायक्रोसेकंदांच्या लाटेला (पहिला आकडा ती चढायचा काळ, दुसरा निम्मी उतरायचा) तारेचा इंडक्टन्स आडवा येतो, आणि ठरावीक लांबीपुढची तार तिच्या दृष्टीने नसल्यातच जमा. स्ट्रिंगच्या धन आणि ऋण केबल एकमेकींना चिकटून न्या. त्यांच्यातला मोकळा वळसा जेवढा मोठा, तेवढं त्यात उमटणारं व्होल्टेज मोठं.

नोंदी कशा ठेवाल

प्रत्येक वाचनासोबत तारीख, वेळ, शेवटचा पाऊस कधी झाला, रेषेची दिशा, मध्यबिंदूचे अक्षांश-रेखांश, खुंटीची खोली, टेस्टरची वारंवारता आणि टेस्टरने दाखवलेला कच्चा ओमचा आकडा लिहा. काढलेली रोधकता वेगळ्या रकान्यात. दोन्ही एकाच रकान्यात मिसळलेल्या वह्या मी पाहिल्या आहेत; वर्षभराने लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही की २.५ म्हणजे ओम की किलो-ओम. प्रत्येक रेषेचे दोन्ही टोकांकडून फोटो काढा, त्यात टेप दिसू द्या. नको वाटणारी, न जुळणारी वाचनंही खोडू नका, फक्त बाजूला खूण करा. माझ्या त्या गाडलेल्या पाइपची तीन वाचनं अजून वहीत आहेत, आणि नवीन विद्यार्थी आला की आलेख काढायला मी आधी तीच देतो.